वाचकांचे प्रश्न : प्रकाशाच्या रेट्यावर तोललेले तारे

या महिन्यात अतिप्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही. सोयीसाठी सर्वत्र सूर्य हेच माप धरले आहे. ‘शंभर पट वस्तुमान’ म्हणजे सूर्याच्या शंभर पट.

प्रश्न : माझ्याकडील एका पुस्तकात आर१३६ए१ या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या २६५ पट दिले आहे. अलीकडे वाचलेल्या लेखात मात्र ते १९६ पट होते. एवढ्या वर्षांत तारा हलका झाला, की पहिला आकडा चुकीचा होता? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : असे तारे सतत वस्तुमान गमावत असतात हे खरे आहे, पण दहा-बारा वर्षांत सत्तर सूर्यांएवढे द्रव्य गमावणे कोणत्याही शांतपणे जळणाऱ्या ताऱ्याला शक्य नाही. तारा आहे तसाच आहे. बदलला तो आपला अंदाज. तो का बदलला हे समजण्यासाठी या ताऱ्याची वस्ती पाहावी लागते.

आपल्या आकाशगंगेच्या शेजारी असलेल्या मोठ्या मॅजेलन मेघात, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर, टॅरँट्युला नावाचा विशाल तेजोमेघ आहे. त्याच्या ऐन मध्यावर आर१३६ हा तरुण तारकागुच्छ आहे आणि त्या गुच्छाच्या गाभ्यात तारे इतक्या दाटीने आहेत की साध्या छायाचित्रात तेथे एकच झगझगीत ठिपका उमटतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस काही खगोलशास्त्रज्ञांनी हा ठिपका म्हणजे एकच तारा असावा असे मानून गणित केले, तेव्हा त्याचे वस्तुमान सूर्याच्या दोन हजार पटींहून अधिक निघाले. १९८५ मध्ये वायगेल्ट आणि बायर या जर्मन संशोधकांनी वातावरणाच्या थरथरीवर मात करणारे तंत्र वापरून तोच ठिपका उलगडला आणि तेथे एक नव्हे, आठ तारे निघाले. एका विकलेएवढ्या, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाएवढ्या जागेत आठ तारे! त्या दिवशी विश्वातला सर्वात वजनदार तारा नाहीसा झाला, आणि मला वाटते की खगोलशास्त्रातल्या उपयोगी चुकांमध्ये या चुकीची गणना करायला हवी, कारण दूरच्या ठिपक्याला एकटा तारा समजण्याआधी दहादा पाहावे हा धडा तिने कायमचा दिला.

त्या आठांतील सर्वात तेजस्वी तारा म्हणजे आपला आर१३६ए१. २०१० मध्ये पॉल क्राउदर यांच्या गटाने त्याचे वस्तुमान २६५ पट असल्याचे जाहीर केले आणि जन्माच्या वेळी ते ३२० पटींच्या आसपास असावे असेही सांगितले. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी चिलीतील जेमिनी दक्षिण दुर्बिणीवर बसवलेल्या झोरो या उपकरणाने तोच परिसर पुन्हा टिपला. पद्धत सांगण्यासारखी आहे. प्रत्येकी ६० सहस्रांश सेकंदाच्या तब्बल ४०,००० प्रतिमा चाळीस मिनिटांत घेतल्या गेल्या. एकेका प्रतिमेच्या एवढ्या अल्प काळात हवेची थरथर जणू गोठलेली असते, त्यामुळे या प्रतिमांमधून तारे वेगवेगळे काढता येतात. शेजाऱ्यांचा प्रकाश बाजूला काढल्यावर आर१३६ए१ आधी समजत होतो त्यापेक्षा मंद निघाला. तेज कमी, म्हणून वस्तुमानही कमी. १९६ हा आकडा असा आला, आणि त्यालाही दोन्ही बाजूंना सुमारे तीस पटींची अनिश्चितता आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. एकट्या ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजता येत नाही. त्याचे तेज, तापमान आणि वर्णपट पाहून, ताऱ्यांच्या रचनेच्या सिद्धांताच्या आधारे ते ठरवावे लागते. खरे वजन होते ते जुळ्या ताऱ्यांचे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की त्यांचा फेरा आणि वेग मोजून केप्लरच्या नियमांनी दोघांचे वस्तुमान काढता येते. एनजीसी ३६०३ या तारकागुच्छातील ए१ नावाची जोडी पावणेचार दिवसांत एक फेरा पूर्ण करते, आणि तिच्यातील ताऱ्यांची वस्तुमाने सुमारे ११६ आणि ८९ पट निघाली आहेत. म्हणून शंभर पटींपर्यंतचे आकडे बरेच भक्कम समजावेत; त्यापुढील आकडे सिद्धांताच्या खांद्यावर उभे आहेत.

प्रश्न : सर्वात जास्त वस्तुमानाचा तारा हाच आकारानेही सर्वात मोठा असतो का? (एक शालेय विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. मृग नक्षत्रातील तांबूस काक्षीचे वस्तुमान सूर्याच्या पंधरा ते वीस पटच आहे, पण म्हातारपणी ती इतकी फुगली आहे की तिला सूर्याच्या जागी ठेवले तर मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. याउलट आर१३६ए१ चा व्यास सूर्याच्या सुमारे चाळीस पट आहे. सूर्याच्या जागी ठेवल्यास तो बुधाच्या कक्षेच्या निम्म्यापर्यंतच पोहोचेल. तरीही त्याला घट्ट गोळा समजू नये. वस्तुमान दोनशे पट आणि घनफळ चौसष्ट हजार पट, असा भागाकार केला तर त्याची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तीन-चार पट एवढीच भरते. सूर्याची सरासरी घनता मात्र पाण्याहून जास्त आहे.

प्रश्न : ताऱ्याच्या वस्तुमानाला वरची मर्यादा का असावी? वायूचा ढग पुरेसा मोठा असेल, तर त्यातून हजार सूर्यांचा एक तारा का घडू नये? (एक अभियंता)

उत्तर : माझ्या मते या सगळ्या पत्रांमधला हाच प्रश्न मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्याला जागाही जास्त देतो.

तारा म्हणजे आत ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर रेटणारा दाब यांचा समतोल, हे आपण शाळेत शिकतो. सूर्यात हा बाहेरचा रेटा तापलेल्या वायूचा असतो. पण प्रकाशालाही संवेग असतो. तो ज्यावर पडतो त्याला किंचित ढकलतो. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ प्रकाशाचा हा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम तीस हजाराव्या भागाएवढा आहे, म्हणून त्याचा विचार न केला तरी चालते. वस्तुमान वाढू लागले की मात्र चित्र बदलते, कारण गुरुत्वाकर्षण वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, तर तेज त्याहून कितीतरी वेगाने वाढते. सूर्यासारख्या ताऱ्यांमध्ये वस्तुमान दुप्पट झाले तर तेज दसपटीच्या घरात जाते. असे करत करत शे-दोनशे पटींपर्यंत गेले की प्रकाशाचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्याही पुढे पोहोचतो. हे दोन बलांचे गणित आर्थर एडिंग्टन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले, आणि ज्या तेजाला दोन्ही बले समसमान होतात त्या तेजाला आजही एडिंग्टन मर्यादा म्हणतात. तिच्यापलीकडे गेलेला तारा स्वतःच्याच प्रकाशाने स्वतःला उधळू लागतो.

या मर्यादेच्या अलीकडे असलेल्या ताऱ्यांनाही स्वस्थता नसते. त्यांच्या वातावरणातील लोह, कार्बन, नायट्रोजन यांसारख्या मूलद्रव्यांचे अणू विशिष्ट तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश अधाशासारखा शोषून घेतात आणि त्यासोबत बाहेर ढकलले जातात. अणूने वेग घेतला की डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे गतीमुळे प्रकाशाची तरंगलांबी बदललेली भासत असल्यामुळे, त्याला शोषण्यासाठी आजूबाजूचा ताजा, अजून न वापरला गेलेला प्रकाश मिळतो, आणि तो आणखी ढकलला जातो. कॅस्टर, अ‍ॅबट आणि क्लाइन यांनी १९७५ मध्ये या यंत्रणेचा पद्धतशीर सिद्धांत मांडला. तिच्यातून निघणारा तारकीय वारा आर१३६ए१ च्या बाबतीत सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतो आणि दरवर्षी सुमारे पंधरा पृथ्व्यांएवढे द्रव्य घेऊन जातो. आपल्या सौरवाऱ्याच्या तुलनेत हा ऱ्हास एक अब्ज पटींहून अधिक आहे.

हा वारा वर्णपटात प्रत्यक्ष दिसतो. नेहमीच्या ताऱ्याच्या रंगपट्ट्यावर बारीक काळ्या रेषा असतात. १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत शार्ल वोल्फ आणि जॉर्ज राये हंस तारकासमूहातील काही अंधूक तारे न्याहाळत असताना तीन ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना काळ्या रेषांऐवजी रुंद, उजळ पट्टे दिसले. त्या काळी याचा अर्थ कोणालाच लागेना. ते पट्टे ताऱ्यावरून सर्व दिशांना उसळणाऱ्या वायूचे होते. काही वायू आपल्याकडे येत होता, काही दूर जात होता, म्हणून रेषा फाकून पट्टे झाल्या होत्या. अशा ताऱ्यांना आज वोल्फ-राये तारे म्हणतात, आणि आर१३६ए१ चा वर्णपटही याच कुळातला आहे.

आता आपल्या ढगाकडे येऊ. घडता घडताच तारा एवढा तेजस्वी होतो की त्याचा प्रकाश वरून पडणाऱ्या वायूला आणि धुळीला मागे सारू लागतो. सगळ्या बाजूंनी सारखाच वायू पडत असता तर तारा बहुधा तेथेच वाढायचा थांबला असता. पण पडणारा वायू फिरत असल्यामुळे त्याची चकती बनते, प्रकाश चकतीच्या वरून व खालून निसटतो, आणि चकतीच्या कडेकडेने द्रव्य ताऱ्यापर्यंत पोहोचत राहते. प्रत्यक्ष आकाशात मर्यादा कोठे आहे हे शोधण्यासाठी डोनाल्ड फायगर यांनी आकाशगंगेच्या केंद्राजवळील आर्चेस या तारकागुच्छातील तारे मोजले आणि २००५ मध्ये ती १५० पटींच्या आसपास असल्याचा निष्कर्ष काढला. आर१३६ मधील ताऱ्यांनी ती रेषा ओलांडलेली दिसते. दोन जड तारे एकमेकांत विलीन होऊन असे तारे बनले असावेत, असाही एक विचार आहे आणि तो मला पटण्याजोगा वाटतो, कारण अशा ताऱ्यांपैकी बहुतेकांना जवळचा जोडीदार असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ओ वर्गातील, म्हणजे सर्वात तप्त व जड ताऱ्यांच्या वर्गातील, ७० टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात केव्हा ना केव्हा जोडीदाराशी द्रव्याची देवाणघेवाण तरी करतात किंवा त्याच्यात मिसळून जातात.

एक पुस्ती जोडतो. वाऱ्याला बळ देणारी लोहासारखी मूलद्रव्ये विश्वाच्या आरंभी नव्हती. तेव्हा जवळपास हायड्रोजन आणि हेलियमच होते. म्हणून अगदी पहिल्या पिढीचे तारे आजच्यापेक्षा जड घडले असावेत आणि त्यांनी आपले वस्तुमान टिकवूनही ठेवले असावे, असे सिद्धांत सांगतो.

प्रश्न : जड ताऱ्याकडे इंधन जास्त असते, तर तो जास्त जगायला हवा. प्रत्यक्षात उलटे का होते? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : शिल्लक पाहिली, तसा खर्चही पाहावा. सूर्य सुमारे १,००० कोटी वर्षे हायड्रोजन जाळणार आहे. आर१३६ए१ कडे इंधन दोनशे पट आहे, पण तो सूर्याच्या सुमारे पन्नास लाख पट तेजाने जळतो. सूर्य वर्षभरात जेवढी ऊर्जा देतो तेवढी तो सहा-सात सेकंदांत देऊन टाकतो. सरळ भागाकार केला तर त्याचे आयुष्य अवघे चार लाख वर्षे येते.

खरा आकडा मात्र वीस ते तीस लाख वर्षांचा आहे, आणि हा फरक कोठून येतो ते पाहण्यासारखे आहे. सूर्याच्या गाभ्यातील वायू बाहेरच्या थरांत मिसळत नाही, म्हणून सूर्य आपल्या हायड्रोजनपैकी सुमारे दहावा भागच वापरू शकतो. अतिजड ताऱ्यांत हायड्रोजनचे संमीलन कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या साहाय्याने चालणाऱ्या चक्रातून होते. या चक्राचा वेग तापमान जरासे वाढताच कितीतरी पटींनी वाढतो, त्यामुळे सारी ऊर्जा मध्यावरच्या लहानशा भागात निर्माण होते आणि गाभा उकळत्या पाण्यासारखा खालीवर ढवळला जातो. या ढवळण्यामुळे ताऱ्याचा फार मोठा भाग चुलीपाशी येतो आणि इंधन सहा-सातपट अधिक कामी येते.

एवढे होऊनही तो काळ किती थोडा! आज आर१३६ मध्ये जन्मणारा एखादा तारा विझेल तोपर्यंत जेवढा काळ लोटेल, साधारण तेवढाच काळ माणसाच्या पूर्वजांनी दगडाची पहिली हत्यारे घडवल्याला लोटला आहे. म्हणूनच असे तारे जन्मस्थानापासून दूर सहसा आढळत नाहीत. भटकायला त्यांच्यापाशी वेळच नसतो.

प्रश्न : असे सर्व तारे शेवटी अतिनवतारा होऊन कृष्णविवर मागे ठेवतात, असे ऐकले आहे. हे बरोबर आहे का? (एक गृहिणी)

उत्तर : अंशतः. शेवट एकाच प्रकारचा नसतो, आणि त्यातला एक प्रकार तर काहीच मागे न ठेवणारा आहे.

आधी नेहमीचा प्रकार घेऊ. सूर्याच्या पंचवीस पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे गणिती प्रारूप असे सांगते की हायड्रोजन सुमारे सत्तर लाख वर्षे पुरतो, हेलियम सात लाख वर्षे, कार्बन सुमारे सहाशे वर्षे, निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहा महिने, आणि सिलिकॉन जळून लोह बनायला एखादा दिवस पुरतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. लोहाचा गाभा चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या पलीकडे गेला की स्वतःचा भार पेलू शकत नाही, आणि पृथ्वीएवढा तो गोळा सेकंदाच्या आत काही दशक किलोमीटरांपर्यंत कोसळतो. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात, टॅरँट्युला तेजोमेघापासून जवळच, सूर्याच्या सुमारे वीस पट वस्तुमानाचा एक निळा तारा असाच फुटला. त्याचा प्रकाश दिसण्यापूर्वी काही तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील भूमिगत यंत्रांनी मिळून सुमारे पंचवीस न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण, टिपले. कोसळणाऱ्या गाभ्याकडून थेट आलेला तो निरोप होता.

याहून जड ताऱ्यांत गाभा कोसळल्यावर स्फोट यशस्वी होईलच असे नाही. तो फसला तर तारा जवळजवळ गुपचूप कृष्णविवरात गडप होतो. कोणाचे काय होणार हे बरेचसे यावर ठरते की वाऱ्याने आयुष्यभरात किती द्रव्य पळवले. जन्माला दोनशे पट असलेला तारा मरताना त्याच्या लहानशा अंशाएवढाच उरू शकतो.

आणि आता तो विलक्षण प्रकार. ज्या ताऱ्याचे वाऱ्याने फारसे नुकसान केले नाही आणि ज्याचा हेलियमचा गाभा सूर्याच्या साधारण ६५ ते १३० पट उरला, त्याच्या आत तापमान एक अब्ज केल्विनच्या घरात गेले की गॅमा किरणांचे रूपांतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्यांत होऊ लागते. हा तारा मुख्यतः प्रकाशाच्या दाबावर तोललेला होता. आता तो प्रकाशच द्रव्य होऊन नाहीसा होऊ लागतो. आधार सुटतो, गाभा दबतो, ऑक्सिजन एकाएकी पेट घेतो आणि तारा पूर्णपणे उधळला जातो. न्यूट्रॉन तारा नाही, कृष्णविवर नाही. फक्त पसरत जाणारा वायू. याला जोड-अस्थैर्याचा अतिनवतारा म्हणता येईल. पहिल्या पिढीच्या ताऱ्यांसाठी ही शक्यता जन्मतः सुमारे १४० ते २६० पट वस्तुमानात येते. त्याहून जड ताऱ्याला मात्र हा स्फोटही वाचवू शकत नाही आणि तो सरळ कृष्णविवर होतो.

हे खरे असेल तर ताऱ्यांपासून थेट बनलेल्या कृष्णविवरांच्या वस्तुमानांत एक रिकामी फट दिसायला हवी, साधारण पन्नास ते एकशेतीस पटींच्या दरम्यान. २१ मे २०१९ रोजी नोंदवलेल्या एका गुरुत्वीय लहरीने येथे कोडे घातले. सूर्याच्या सुमारे ८५ आणि ६६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे विलीन होऊन १४२ पटींचे एक झाले होते, आणि ८५ हा आकडा नेमका त्या फटीत पडतो. ते कृष्णविवर आधीच्या एखाद्या विलीनीकरणातून बनले असेल, किंवा आपल्या गणितात कोठेतरी सुधारणा हवी असेल. मला पहिली शक्यता अधिक संभवनीय वाटते, पण वाद मिटलेला नाही.

प्रश्न : यांपैकी एखादा तारा नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल का? (अनेक वाचक)

उत्तर : आर१३६ए१ नाही. पण मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण पाहा. त्यातील मधला तारा सूर्याच्या काही दशक पट वस्तुमानाचा आणि काही लाख पट तेजाचा निळा महाराक्षसी तारा आहे. तो शेजारच्या दोघांपेक्षा बराच दूर असूनही त्यांच्या बरोबरीने चमकतो, यावरूनच त्याचे बळ कळावे.

दुसरा तारा अधिक दक्षिणेला आहे : नौकातल तारकासमूहातील ईटा कॅरिनी, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा. खरे तर ती साडेपाच वर्षांत एक फेरा घेणारी जोडी आहे आणि तिच्यातील मोठा तारा शंभर पटींच्या आसपास आहे. १८४३ मध्ये तो एकाएकी इतका उजळला की व्याधानंतरचा सर्वात तेजस्वी तारा ठरला. त्या उद्रेकात त्याने किमान दहा सूर्यांएवढे द्रव्य फेकले आणि तरीही तो टिकला. फेकलेला वायू आज दोन फुगे जोडावेत तशा आकाराच्या तेजोमेघाच्या रूपात त्याच्याभोवती पसरत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो डोळ्यांना दिसेनासा झाला होता. नंतर तो पुन्हा हळूहळू उजळत गेला आणि आता अंधाऱ्या आकाशात चौथ्या प्रतीच्या आसपासचा, म्हणजे अंधूक पण नुसत्या डोळ्यांना दिसेल असा, आहे. उत्तर अक्षांश ३० च्या दक्षिणेकडील वाचकांनी एप्रिलमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असलेली जागा निवडावी. तारा जितका क्षितिजालगत असेल तितकी धूळ आड येईल, म्हणून सोबत साधी द्विनेत्री असल्यास उत्तम. तिच्यातून ताऱ्याभोवतीचा मोठा तेजोमेघही दिसेल.